मुंबई ते न्यूयॉर्क: विमान मॉस्कोच्या दिशेने का वळतं?

माझी मावशी सांगलीला असते आणि तिची मुलगी न्यू जर्सीत. सुट्टी संपवून मुलगी परत निघाली की मावशीला त्या रात्री झोप नसते. मोबाइलवर नकाशा उघडायचा आणि त्यावर मुंगीच्या पावलांनी सरकणारं विमान बघत बसायचं. मागच्या खेपेला तिने पहाटे मला फोन केला. "अरे, अमेरिका पश्चिमेला ना? मग हे विमान वर कुठे निघालंय? आणि मागच्या वेळी गेलं होतं ते देशही वेगळेच होते. जायला सोळा तास लागतात, यायला चौदा. रस्ता एकच असेल तर असं कसं?"

तिच्या प्रश्नांपैकी एकही भाबडा नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि हेच प्रश्न घरोघरी विचारले जाऊ लागले. म्हणून मावशीला जे समजावलं ते इथे सविस्तर लिहितो.

आधी कलिंगड आणि दोरा

भिंतीवरचा जगाचा नकाशा घ्या आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने सरळ रेघ मारा. ती अरबी समुद्र, अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून पोहोचते. ही रेघ साधारण १४,२०० किलोमीटर भरते. गंमत अशी की ही सरळ दिसणारी वाट सर्वांत जवळची नाही. सर्वांत जवळची वाट सुमारे १२,५३० किलोमीटरची आहे, म्हणजे जवळजवळ १,७०० किलोमीटर कमी, आणि नकाशावर ती धनुष्यासारखी वाकलेली दिसते.

दोष नकाशाचा आहे. नागपुरी संत्र्याची साल सोलून टेबलावर सपाट करायला गेलात तर ती फाटते. फाटू द्यायची नसेल तर कुठेतरी ताणावी लागते. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना नकाशा बनवणाऱ्यांनाही तेच करावं लागतं. आपल्या ओळखीच्या चौकोनी नकाशात उत्तरेकडचा भाग फार ताणलेला असतो, म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट आहे. उत्तरेकडची अंतरं कागदावर फुगतात आणि तिकडून जाणारी जवळची वाट लांबची वाटायला लागते.

खात्री करायची असेल तर कलिंगड घ्या. त्यावर मुंबईच्या आणि न्यूयॉर्कच्या जागी दोन टाचण्या टोचा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप देठाच्या बाजूला, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे सरकेल. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. एवढा एकच शब्द लक्षात ठेवा.

मुंबई–न्यूयॉर्क बृहद्वृत्त कुठून जातं ते मी गणित करून काढलं आणि स्वतःच चकित झालो. मुंबईहून निघताना त्याची दिशा पश्चिम नाही, जवळपास उत्तर आहे, किंचित डावीकडे झुकलेली. सौराष्ट्र, कच्छचं रण, सिंध, क्वेट्टाचा परिसर, अफगाणिस्तानातलं हेरात. मग तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, व्होल्गाकाठचं सारातोव्ह आणि जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून पुढे. त्यानंतर हेलसिंकीच्या थोडं उत्तरेने फिनलंड, मग स्वीडन, नॉर्वेमधलं ट्रॉनहाइम. आइसलंडच्या पूर्वेच्या समुद्रावर ही वाट ६४ अंश उत्तर अक्षांश ओलांडते, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या अगदी जवळ पोहोचते. तिथून ती खाली वळते आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडॉर, क्युबेक असं करत न्यूयॉर्कला उतरते. मुंबई १९ अंशांवर आणि न्यूयॉर्क ४१ अंशांच्या आसपास. दोन उबदार ठिकाणांना जोडणारा धागा बर्फाळ प्रदेशातून जातो.

प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का दिसतो?

इंटरनेटवर या दोन शहरांमधलं अंतर शोधलंत तर एक आकडा सापडत नाही. त्याची कारणं साधी आहेत. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. न्यूयॉर्कला जाणारे आपले बरेच लोक खरं तर न्यू जर्सीतल्या नेवार्कला उतरतात. कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कुणी ध्रुवांकडे किंचित चपटी. या सगळ्याने थोडाच फरक पडतो. मोठा घोळ एककांचा आहे. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, तर विमान आणि जहाजवाल्यांचा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. एकच अंतर एका ठिकाणी ७,७८६ आणि दुसऱ्या ठिकाणी ६,७६६ लिहिलेलं दिसलं तर दोन्ही बरोबर असू शकतं.

आणि हे सगळे आकडे ताणलेल्या दोऱ्याचे. विमान प्रत्यक्षात किती कापतं हे त्या दिवसावर ठरतं.

नागपूरचं विमान दीड तास का घेतं?

लांबच्या प्रवासाकडे जाण्याआधी जवळचा बघू. मुंबई ते नागपूर हवाई अंतर ७०० किलोमीटरच्या आतच आहे. विमानाचा वेग ताशी ८००–९००. भागाकार केला तर उत्तर पाऊण तासाच्या आसपास येतं, पण तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो.

तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान उभ्या जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबलं तिथपर्यंतची ती वेळ असते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, उतरण्यासाठी घातलेला वळसा, हे सगळं त्यात येतं. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. या सगळ्याचा अंदाज धरून कंपन्या वेळापत्रकात थोडी मोकळी जागा ठेवतात. "विमान वीस मिनिटं लवकर पोहोचलं" असं आपण कौतुकाने सांगतो, ती बहुतेक वेळा ही राखून ठेवलेली मिनिटं असतात.

नागपूरला हा वरचा वेळ प्रवासाइतकाच असतो. न्यूयॉर्कला तो सोळा तासांत विरघळून जातो. तिथे खेळ वाऱ्याचा असतो.

आकाशातली नदी

जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, प्रवासी विमानं जिथे उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि अतिशय वेगवान पट्टे वाहत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ताशी १०० ते २०० किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग. हिवाळ्यात, विषुववृत्ताकडची हवा आणि ध्रुवाकडची हवा यांच्या तापमानातला फरक वाढतो तेव्हा, तो कधी कधी ३०० च्याही वर जातो.

या प्रवाहाच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ फुगे सोडून उंचावरचे वारे मोजत होते. जपानवरचे हे जबरदस्त वारे त्यांनी व्यवस्थित नोंदवले. जगाने वाचावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला आणि तो जवळपास कुणी वाचलाच नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर पोहोचली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हे वारे स्वतः भोगून कळले.

आता खाडीतली होडी आठवा. नावाडी तोच, वल्ही तीच, जोर तोच. भरतीबरोबर निघालात तर होडी झपाट्याने आत जाते आणि भरतीच्या विरुद्ध निघालात तर तेवढाच जोर लावून अर्धी वाटही होत नाही. विमानाचं तसंच आहे. त्याचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत ताशी ९०० असतो आणि जमिनीच्या तुलनेतला वेग वारा ठरवतो. अमेरिकेला जाताना वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर.

हिशोब करून बघू. १२,५३० किलोमीटर, ताशी ९००, वारा अजिबात नाही: जेमतेम १४ तास. वाटेत सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा तोंडावर धरा. खरा वेग ८२० होतो आणि वेळ सव्वापंधरा तास. तोच वारा पाठीवर असेल तर वेग ९८० आणि वेळ पावणेतेरा तासांच्या आसपास. दोन्हीकडे वळसे आणि जमिनीवरचा वेळ मिळवा, म्हणजे मावशीचे सोळा आणि चौदा तास येतात.

याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं आहे. अटलांटिकवर मोठं वादळ होतं आणि जेट प्रवाह खवळला होता. ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. आवाजाचा वेग ओलांडला, अशा बातम्या तेव्हा फिरल्या. तसं झालं नव्हतं. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते विमान नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, ती हवाच पळत होती.

"पण पृथ्वी फिरते ना?"

ही शंका हमखास येते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईच्या अक्षांशावर तो वेग ताशी १,५०० किलोमीटरच्या वर आहे. मग विमानाने नुसतं वर जाऊन थांबावं, अमेरिका आपोआप खाली येईल!

धावत्या लोकलमध्ये बसून शेंगदाणा वर उडवा. तो मागच्या बाकावरच्या माणसाच्या डोक्यात पडत नाही, तुमच्याच हातात परत येतो. गाडीचा वेग तुमच्याकडे, शेंगदाण्याकडे आणि डब्यातल्या हवेकडे आधीच असतो. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. त्यामुळे फिरण्याचा थेट फायदा कुणालाच नाही. आडून मात्र संबंध आहे. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळेच पूर्वेकडे वळते आणि त्यातून जेट प्रवाह तयार होतो.

"जाताना तोटा, येताना फायदा, मग हिशोब सारखाच ना?"

ऐकायला पटतं, पण तसं नाही. वारा ताशी १५० धरा. जाताना वेग ७५०, वेळ १६ तास ४२ मिनिटं. येताना १,०५०, वेळ ११ तास ५६ मिनिटं. बेरीज २८ तास ३८ मिनिटं. वारा नसता तर जाऊन-येऊन २७ तास ५१ मिनिटं लागली असती. पाऊण तास गेला कुठे? विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं आणि अनुकूल वाऱ्यातून लवकर बाहेर पडतं. नुकसान सोसायला जास्त तास मिळतात, फायदा घ्यायला कमी.

म्हणूनच विमानाची वाट रोज नव्याने आखली जाते. उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्याचे अंदाज घेऊन, कोणत्या वाटेने सर्वांत कमी इंधन आणि वेळ लागेल हे काढलं जातं. जवळची वाट आणि लवकरची वाट एकच असेल असं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० वर गेली, आणि तरी ते साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोहोचलं. पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी होता. मावशीला वेगळे देश दिसले ते याच कारणाने. काही वेळा मात्र कारण वाऱ्याहून वेगळं असतं.

दुसऱ्याच्या बांधावरून जाणारी वाट

गावात शेताकडे जाणारी पायवाट बहुतेक वेळा कुणाच्या तरी बांधावरून जाते. संबंध बरे असतात तोवर ती कुणाला जाणवतही नाही. बिनसलं की शेजारी काट्या लावतो आणि आपण ओढ्याला वळसा घालून जातो. आकाशातही तसंच आहे. १९४४ च्या शिकागो कराराने ठरवलं की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाचा संपूर्ण अधिकार. वरून जायचं तर परवानगी हवी आणि शुल्कही भरायचं.

आता ते बृहद्वृत्त पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पहिलाच मोठा देश पाकिस्तान. २०१९ मध्ये बालाकोटनंतर तिथली हद्द फेब्रुवारीच्या अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होती. २४ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, ती भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झाली. पाठोपाठ भारतानेही आपली हद्द पाकिस्तानी विमानांना बंद केली.

इथे एक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. या बंदीचा भार सगळ्या शहरांवर सारखा पडत नाही. समजा, विमान मस्कतवरून वळवलं. मुंबई–न्यूयॉर्क वाट सुमारे पावणेचारशे किलोमीटरने वाढते, म्हणजे अर्ध्या तासाच्या आतबाहेर. दिल्ली–न्यूयॉर्क मात्र दीड हजार किलोमीटरने वाढते, कारण दिल्लीच्या विमानाला आधी खाली समुद्राकडे उतरावं लागतं आणि मग वर वळावं लागतं. त्या दिवसांत भारतातून उत्तर अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला थांबावं लागलं. मध्य आशियातली ताश्कंद आणि अल्माटी ही शहरं दिल्लीहून अमेरिकेपेक्षा कितीतरी जवळ. पण ती वाटच पाकिस्तानवरून जाते आणि लहान विमानांच्या टाकीत एवढ्या वळशाचं इंधन मावत नाही. त्या फेऱ्या रद्दच झाल्या.

पाकिस्तान टाळून मस्कतहून पुन्हा दोरा ताणला तर तो युक्रेनवरून जातो, आणि ते आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. रशियाची हद्द त्याच वर्षापासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाली, भारतीय कंपन्यांना मात्र खुली राहिली. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांच्या वाटा विमानाच्या शेपटीवर कोणत्या देशाचं नाव आहे त्यावर वेगळ्या होतात. १३ जून २०२५ ला इराणने आपलं आकाश बंद केलं तेव्हा भारतातून पश्चिमेकडे निघालेली कित्येक विमानं अर्ध्यातून परतली. त्यांत बसलेल्या माणसांचा आणि घरी नकाशा बघत बसलेल्यांचा तो दिवस कसा गेला असेल, हे मावशीकडे बघून मला कळतं.

"मग सरळ ध्रुवावरून का नाही? किंवा जोरात का नाही?"

ध्रुवाजवळून विमानं जातात. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आलं. वैमानिक सगळ्या महिला होत्या. नेतृत्व कॅप्टन झोया अगरवाल यांचं होतं. पण तिथल्या अटी वेगळ्या असतात. विमानाचं इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं, म्हणून टाकीतल्या तापमानावर सतत लक्ष ठेवावं लागतं. दुसरी अट सगळ्याच लांबच्या वाटांना लागू आहे. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर, ठरलेल्या वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेत कायम हाताशी असावा लागतो. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगादान या शहरात सुखरूप उतरलं. नाव कधी न ऐकलेलं ते शहर वाट आखणाऱ्यांच्या कागदावर आधीपासून होतं.

वेगाचं उत्तर थोडक्यात. मे १९६० मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं तेव्हाही त्याचा वेग ताशी नऊशेच्या घरातच होता. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. काँकॉर्ड या प्रवासी विमानाने तो अडसर ओलांडला, पण त्याची टाकी साधारण सात हजार किलोमीटरला संपायची. मुंबई–न्यूयॉर्क त्याला एका दमात कधीच जमलं नसतं. साठ-पासष्ट वर्षांत वेग वाढला नाही. वाढला तो पल्ला, आणि मधला थांबा गेला.

तिकिटावरचं कोडं

शेवटचा गोंधळ घड्याळाचा. मुंबईहून रात्री २ ला निघालेलं विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोहोचतं. साडेपाच तास? परत येताना तिथून सकाळी ११:३० ला निघालेलं विमान मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला येतं. साडेचोवीस तास? न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं. मार्च ते नोव्हेंबर तिथे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा साडेनऊ.

हा फरक डोक्यात ठेवायचा कंटाळा येत असेल तर एक सोपी युक्ती आहे. तिकिटावर दिसणारे जातानाचे आणि येतानाचे तास मिळवा आणि निम्मे करा. घड्याळांचा फरक एकदा वजा होतो, एकदा अधिक होतो, आणि निघून जातो. साडेपाच अधिक साडेचोवीस म्हणजे तीस, त्याचे निम्मे पंधरा. ही एका बाजूच्या प्रवासाची खरी सरासरी.

मावशीने हा हिशोब फोन चालू असतानाच कॅलेंडरच्या मागे मांडला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सरासरी पंधरा, आणि हिला जायला सोळा. म्हणजे हा वरचा एक तास वाऱ्याचा?"

"बहुतेक वाऱ्याचाच," मी म्हटलं. "आणि येताना तो तास तो जवळजवळ सगळा परत करतो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुन्हा नकाशाकडे वळली. विमान तेव्हा कास्पियन समुद्राच्या कडेला होतं.